ब्रिटनमधली लिमिटेड कंपनी बंद करताना : अकाउंटंटची फी, कर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२१ मध्ये आयआर३५ चे (स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्याला कराच्या दृष्टीने नोकरदार धरायचं का, हे ठरवणारे) बदललेले नियम खासगी क्षेत्रालाही लागू झाले. त्यानंतर ब्रिटनमधल्या आपल्या कितीतरी आयटीवाल्यांच्या एकखांबी कंपन्या नुसत्या पडून राहिल्या. माझीही राहिली होती. ती बंद केल्यापासून मंडळाच्या गणपतीत, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एकदा तर मुलाच्या क्रिकेट सामन्याच्या बाउंड्रीवरही लोक मला तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी अकाउंटंट नाही. कराचे दर ६ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. दुसरं वर्ष असेल तिथे तसं लिहिलं आहे.

१. कंपनी बंद करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

कंपनीवर देणी नसतील, किंवा असलेली सगळी फेडता येत असतील, तर दोन वाटा आहेत. पहिली स्ट्राइक-ऑफ. कंपनीज हाउसला (कंपन्यांची नोंद ठेवणारी सरकारी कचेरी) डीएस०१ नावाचा अर्ज करायचा, गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) नोटीस येते, दोन महिन्यांत कुणी हरकत घेतली नाही तर कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलं जातं. दुसरी मेंबर्स व्हॉलंटरी लिक्विडेशन, म्हणजे एमव्हीएल. त्यात परवानाधारक इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर (कंपन्या गुंडाळण्याचं काम करणारा व्यावसायिक) नेमावा लागतो, तो सगळं ताब्यात घेऊन शेअरहोल्डरांना पैसे वाटतो. कुठली वाट धरायची हे मुख्यतः कंपनीत किती पैसे उरलेत यावर ठरतं (प्रश्न ६ आणि ७). देणी फिटणारच नसतील तर प्रश्न १४ कडे जा, मधलं काही वाचू नका.

२. कॉन्ट्रॅक्ट संपलंय, पुढचं मिळेल की नाही माहीत नाही. कंपनी तशीच ठेवली तर चालेल का?

चालेल, पण फुकट नाही. दरवर्षी कन्फर्मेशन स्टेटमेंट (कंपनीची माहिती बरोबर असल्याचं निवेदन) आणि त्याची फी, डॉर्मंट म्हणजे निष्क्रिय असली तरी वार्षिक हिशेब, आणि उशीर झाला तर दंड. हिशेब दाखल करायला एक दिवस जरी उशीर झाला तरी कंपनीज हाउस १५० पौंड लावतं, सहा महिन्यांच्या वर गेलं की १,५००.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. खात्यात पैसे पडून असतील आणि त्यावर व्याज येत असेल, तर कराच्या दृष्टीने कंपनी डॉर्मंट नाही. शिवाय धंदा थांबवून नुसती रोकड धरून बसलेल्या कंपनीला कॉर्पोरेशन टॅक्सचा, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरच्या कराचा, १९ टक्क्यांचा छोटा दर मिळेलच असं नाही, २५ टक्के लागू शकतात. सहा महिने वाट बघणं ठीक आहे. तीन वर्षं वाट बघणं महागात पडतं, आणि त्याचं खरं कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

३. दर महिन्याला फी भरतोच आहे. आता अकाउंटंट कंपनी बंद करायचे वेगळे पैसे मागतोय. हे बरोबर आहे का?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि लोक सगळ्यात जास्त चिडलेले असतात ते इथेच.

महिन्याच्या पॅकेजमध्ये साधारणपणे काय असतं? वर्षाचे हिशेब, सीटी६०० (कंपनीचं कराचं रिटर्न), व्हॅट रिटर्न, पगारपत्रक. बंद करायच्या वेळी याखेरीज कामं निघतात. शेवटच्या दिवसापर्यंतचे हिशेब, व्हॅटची नोंदणी रद्द करणं, पीएवायई योजना (पगारातून कर कापून भरायची व्यवस्था) बंद करणं, पी४५ (नोकरी सोडतानाचा कराचा दाखला), डीएस०१, एचएमआरसीशी (ब्रिटनचं कर खातं) पत्रव्यवहार. त्यामुळे वेगळी फी मागणं गैर नाही. काहीशे पौंड आणि वर २० टक्के व्हॅट, हा आकडा सहसा ऐकायला मिळतो.

पण पैसे देण्याआधी सुरुवातीला सही केलेलं करारपत्र काढून वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा. शेवटचे हिशेब पॅकेजमध्ये धरलेत का? सोडून जाण्याची नोटीस किती महिन्यांची आहे? आणि वर्षाच्या मध्येच थांबलो तर त्या वर्षाचे भरलेले हप्ते हिशेबांच्या कामात वळते होतात का? समजा, वर्ष मार्चला संपतं आणि तुम्ही नोव्हेंबरला थांबलात. आठ महिने भरलेले हप्ते हे त्याच हिशेबांचे होते. शेवटच्या हिशेबांची पुन्हा पूर्ण फी मागितली तर हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी विचारलं होतं. अर्धी फी कमी झाली, कुरकुर करत का होईना.

आणि एक. "बंद करण्याची फी" या एका ओळीवर हो म्हणू नका. कामांची यादी मागा. माझ्या वेळी पीएवायई योजना बंद करायची राहून गेली. कंपनी बंद आहे असं मी समजत होतो आणि एचएमआरसी अंदाजाने देणं ठरवून पत्रं पाठवत होतं. यादी मागितली असती तर ते काम त्यात नाही हे तेव्हाच दिसलं असतं.

४. अकाउंटंटशिवाय स्वतः करता येतं का?

कायद्याने अकाउंटंट लागतोच असं कुठेही नाही. डीएस०१ तर दहा मिनिटांचं काम आहे. त्याची ऑनलाइन फी १ मे २०२४ ला ८ पौंडांवरून ३३ झाली होती. हे आकडे बदलत असतात, त्यामुळे भरण्याच्या दिवशी कंपनीज हाउसच्या साइटवर बघा.

अडचण शेवटच्या सीटी६०० ची आहे. एचएमआरसी आणि कंपनीज हाउसची हिशेब व रिटर्न भरायची मोफत ऑनलाइन सोय ३१ मार्च २०२६ ला बंद झाली, आता विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. एक दिलासा असा की स्ट्राइक-ऑफच्या वेळी शेवटचे हिशेब कंपनीज हाउसला द्यावे लागत नाहीत. ते फक्त एचएमआरसीला रिटर्नबरोबर जातात, शेवटचे आहेत असं कळवून.

माझं मत : कंपनीत दहा-बारा हजार पौंड असतील, डायरेक्टर्स लोन (तुम्ही कंपनीकडून उचललेले पैसे) नसेल, व्हॅट नसेल, तर स्वतः करा. यातलं एकही "नसेल" तुमच्या बाबतीत खोटं असेल तर फी द्या.

५. डीएस०१ कधी भरायचा? आधी काय, नंतर काय?

अर्जाआधीच्या तीन महिन्यांत कंपनीने धंदा केलेला नसावा आणि नावही बदललेलं नसावं. येणी वसूल करणं, देणी देणं, हिशेब मिटवणं हा धंदा धरत नाहीत. शेवटचं इनव्हॉइस जूनमध्ये असेल तर सप्टेंबरनंतर अर्ज.

त्या तीन महिन्यांत हा क्रम ठेवा : येणी वसूल करा, पगार थांबवून पीएवायई बंद करा, व्हॅट रद्द करा (प्रश्न ११), शेवटचे हिशेब आणि सीटी६०० पाठवा, कॉर्पोरेशन टॅक्स भरा, अकाउंटंटची फी द्या, उरलेले पैसे वाटा, बँक खातं बंद करा, आणि मग अर्ज. अर्ज केल्यापासून सात दिवसांत शेअरहोल्डर, कर्मचारी, कंपनी ज्यांचं देणं लागते ते सगळे आणि एचएमआरसी यांना त्याची प्रत द्यावी लागते. ती न देणं गुन्हा आहे.

बरेच जण उलटं करतात. आधी अर्ज, मग हिशेब. रिटर्न बाकी दिसलं की एचएमआरसी हरकत घेतं आणि प्रकरण अडकतं. एका ओळखीच्या गृहस्थांचा अर्ज असा तीन वेळा अडकला आणि दर वेळी अकाउंटंटने पत्रव्यवहाराचे पैसे लावले.

६. ती २५,००० पौंडांची मर्यादा काय आहे?

१ मार्च २०१२ पासूनचा नियम असा : स्ट्राइक-ऑफने कंपनी बंद करताना शेअरहोल्डरांना वाटलेली एकूण रक्कम २५,००० पौंडांपर्यंत असेल तर ती भांडवली मानतात, म्हणजे कॅपिटल गेन्स टॅक्स (भांडवली नफ्यावरचा कर) लागतो. एक पौंडही वर गेला तर फक्त वरचा पौंड नाही, सगळीच्या सगळी रक्कम डिव्हिडंड होते.

हा उतार नाही, कडा आहे. जास्त दराच्या पट्ट्यात असलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. २५,००० वाटले, त्यातून वार्षिक सूट ३,००० वजा, उरलेल्या २२,००० वर १८ टक्के : ३,९६० पौंड कर (१८ टक्के का, ते प्रश्न ८ मध्ये). २६,००० वाटले तर ५०० ची डिव्हिडंड सूट वजा जाऊन २५,५०० वर ३५.७५ टक्के : ९,११६ पौंड. हजार पौंड जास्त हाती आले आणि पाच हजारांहून जास्त कर गेला.

रक्कम मोजताना लक्षात ठेवा, कंपनी तुमचंच देणं लागत असेल (घरभाड्याचा वाटा, प्रवासखर्च, तुम्ही घातलेले पैसे) तर ते परत घेणं म्हणजे वाटप नव्हे. ते आधी काढा.

थोडे जास्त असतील तर बंद करायचं ठरण्याआधी नेहमीसारखा डिव्हिडंड काढून शिल्लक खाली आणतात. पण कंपनी बंद होणार म्हणून केलेलं वाटप याच मोजणीत धरलं जातं. म्हणून आदल्या दिवशी डिव्हिडंड आणि दुसऱ्या दिवशी अर्ज, असं करू नका. मधे अंतर ठेवा, ठराव लिहा, आणि अकाउंटंटचं मत लेखी घ्या. फी वसूल करण्याची हीच जागा.

७. एमव्हीएलला किती खर्च येतो आणि ते कधी परवडतं?

साध्या कंपनीला, म्हणजे जिच्यात फक्त रोकड आहे तिला, साधारण दीड ते तीन हजार पौंड आणि वर व्हॅट. गॅझेटच्या जाहिराती आणि लिक्विडेटरचा (म्हणजे त्या प्रॅक्टिशनरचा) बाँड, एक प्रकारचा विमा, त्यात धरलाय का, हे विचारून घ्या. शेवटचे हिशेब मात्र तुमचा नेहमीचाच अकाउंटंट करतो, त्याची फी वेगळी.

८०,००० पौंड शिल्लक असतील तर विचार करायची गरजच नाही. एमव्हीएलने ७७,००० वर १८ टक्के, म्हणजे १३,८६० कर आणि खर्च. पन्नास हजारांच्या नोकरीवर हेच पैसे एका वर्षात डिव्हिडंड म्हणून घेतले तर कर २८ हजारांच्या वर जातो.

गंमत ४०,००० ला आहे. एमव्हीएल : ६,६६० कर आणि समजा २,४०० खर्च, मिळून ९,०६०. दुसरा मार्ग, आधी १५,००० डिव्हिडंड, मग उरलेल्या २५,००० वर स्ट्राइक-ऑफ. तुम्ही जास्त दराच्या पट्ट्यात असाल तर सुमारे ९,१४४, म्हणजे बरोबरीच. पण काम नसलेलं वर्ष असेल आणि डिव्हिडंड १०.७५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसत असेल तर फक्त ५,५१९. एमव्हीएल विकणारे हा हिशेब तुम्हाला दाखवणार नाहीत.

लिक्विडेशन सुरू व्हायच्या आधी कॉर्पोरेशन टॅक्स भरून टाका. त्या दिवशी बाकी असलेल्या देण्यावर ८ टक्के वैधानिक व्याज सुरू होतं.

८. कंपनी बंद केली की १० टक्केच कर असतो ना?

होता. बिझनेस अ‍ॅसेट डिस्पोजल रिलीफ हे त्या सवलतीचं नाव, २०२० पर्यंत तिला आंत्रप्रेनर्स रिलीफ म्हणत. दर ५ एप्रिल २०२५ पर्यंत १० टक्के होता, पुढचं वर्ष १४, आणि ६ एप्रिल २०२६ पासून १८. कर पैसे वाटल्याच्या तारखेवर ठरतो, कंपनी रजिस्टरमधून गेली त्या तारखेवर नाही. सवलत नसेल तर जास्त दराच्या माणसाला २४ टक्के. म्हणजे फायदा आता सहा टक्क्यांचा उरलाय. आयुष्यभराची मर्यादा दहा लाख पौंड, आपल्यापैकी बहुतेकांना तिची काळजी नको.

अटी : किमान ५ टक्के शेअर आणि मतं, कंपनीत डायरेक्टर किंवा कर्मचारी असणं, आणि हे सगळं धंदा थांबेपर्यंत सलग दोन वर्षं. धंदा थांबल्यापासून तीन वर्षांच्या आत पैसे वाटले गेले पाहिजेत. प्रश्न २ मधली तीन वर्षं हीच.

९. बायकोच्या नावावर निम्मे शेअर आहेत. मग २५,००० प्रत्येकी का?

नाही. मर्यादा कंपनीची आहे, माणसाची नाही. दोघांचं मिळून २५,००० मोजलं जातं.

३,००० पौंडांची वार्षिक सूट मात्र दोघांना वेगवेगळी मिळते. प्रश्न ८ ची सवलतही मिळू शकते, पण त्यासाठी बायको नुसती शेअरहोल्डर असून चालत नाही, डायरेक्टर, सेक्रेटरी किंवा कर्मचारी असायला हवी, तीही दोन वर्षं. बंद करायच्या महिन्यात तिला डायरेक्टर करून काही साधत नाही.

१०. कंपनीकडून मी उचललेले पैसे अजून परत केलेले नाहीत. काय होईल?

वर्ष संपून नऊ महिने झाल्यावरही बाकी असतील तर कंपनीला कलम ४५५ चा कर लागतो : ३३.७५ टक्के, आणि ६ एप्रिल २०२६ पासून घेतलेल्या रकमेवर ३५.७५. पैसे परत केल्यावर तो मिळतो, पण उशिरा. तेवढ्यात कंपनीच बंद झाली तर कोणाला मिळणार?

कंपनीने कर्ज माफ केलं तर ते तुमचं उत्पन्न धरून डिव्हिडंडच्या दराने कर लागतो, आणि नॅशनल इन्शुरन्सचाही प्रश्न उभा राहतो. माफ न करताच स्ट्राइक-ऑफ केलं तर ते येणं सरकारजमा होतं (प्रश्न १६). बंद करण्याआधी परत करा, किंवा रीतसर डिव्हिडंड जाहीर करून त्यात वळतं करा.

११. व्हॅटचं काय?

धंदा थांबल्यापासून ३० दिवसांत कळवायचं. त्या दिवशी कंपनीकडे असलेल्या वस्तूंवर, ज्यांचा व्हॅट पूर्वी परत घेतला होता, व्हॅट भरावा लागतो, पण तो एकूण १,००० पौंडांपर्यंत असेल तर नाही. लॅपटॉप-मॉनिटरवाल्यांना सहसा काही लागत नाही. नोंदणी रद्द झाल्यावर आलेल्या अकाउंटंटच्या बिलावरचा व्हॅट व्हॅट४२७ या फॉर्मवर मागता येतो. फ्लॅट रेट योजनेत (विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी व्हॅट भरायच्या) असाल तर अकाउंटंटला आधी विचारा.

१२. बंद करण्याआधी पेन्शनमध्ये पैसे टाकले तर?

बहुतेकांना हे सुचतच नाही. कंपनीने तुमच्या पेन्शनमध्ये भरलेली रक्कम कंपनीचा खर्च धरली जाते, कॉर्पोरेशन टॅक्स वाचतो आणि शिल्लकही कमी होते. वर्षाची मर्यादा ६०,००० पौंड, आणि तुम्ही तेव्हा पेन्शन योजनेत असाल तर मागच्या तीन वर्षांची न वापरलेली मर्यादाही. पण भरणा धंदा चालू असताना झाला पाहिजे. धंदा थांबवून चार महिन्यांनी भरलेली मोठी रक्कम धंद्यासाठीच होती, हे पटवणं अवघड जातं.

१३. बंद करून दोन महिन्यांनी चांगलं कॉन्ट्रॅक्ट आलं तर नवी कंपनी काढता येईल?

काढता येईल, पण कर बदलू शकतो. ६ एप्रिल २०१६ पासूनचा नियम : लिक्विडेशनमधून पैसे घेतल्यावर दोन वर्षांच्या आत तुम्ही तसाच धंदा पुन्हा सुरू केला, आणि बंद करण्यामागे कर वाचवणं हा एक मुख्य हेतू होता असं दिसलं, तर ते सगळे पैसे डिव्हिडंड धरतात. "तुम्ही" यात नवी कंपनी येते, एकट्याने केलेला धंदा येतो, भागीदारी येते, आणि बायकोच्या नावाने काढलेल्या कंपनीत तुम्ही काम केलंत तर तेही येतं. एचएमआरसी याबद्दल आधी हो किंवा नाही सांगत नाही, आपणच ठरवून रिटर्नमध्ये लिहायचं.

पर्मनंट नोकरी धरली तर सहसा धोका नसतो. अम्ब्रेलामार्फत (कॉन्ट्रॅक्टरांना पगारावर ठेवणाऱ्या कंपनीमार्फत) काम म्हणजेही नोकरीच, पण तोच क्लायंट आणि तेच काम असेल तर लेखी सल्ला घ्या. नियम लिक्विडेशनमधल्या वाटपापुरता लिहिलाय, त्यामुळे २५,००० च्या आतलं स्ट्राइक-ऑफ त्यात शब्दशः येत नाही.

१४. बाउन्स बॅक लोन (कोविडच्या काळातलं सरकारी हमीचं कर्ज) बाकी आहे. स्ट्राइक-ऑफ करून मोकळं होता येईल का?

नाही. बँक हरकत घेईल. कशीबशी बंद झालीच, तरी २०२१ च्या कायद्याने बंद झालेल्या कंपन्यांच्या डायरेक्टरांचीही चौकशी इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिसला करता येते. देणी फिटत नसतील तर अकाउंटंटकडे नाही, इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनरकडे जा, आणि तोपर्यंत कंपनीतून स्वतःला एक पौंडही देऊ नका.

१५. आम्ही पुण्याला परत चाललोय. आधी बंद करू की गेल्यावर?

गेल्यावर पैसे घेतले तर ब्रिटनचा कर वाचेल, असं गणित लोक मांडतात. त्यात दोन खड्डे आहेत.

पहिला ब्रिटनच्या बाजूचा. बरीच वर्षं इथे राहिलेला माणूस पाच वर्षांच्या आत परत आला, तर तिकडे असताना घेतलेले हे पैसे परतल्याच्या वर्षी करपात्र होऊ शकतात. आणि "आता कायमचं" म्हणून गेलेली किती कुटुंबं मुलांच्या शाळेपायी दोन-तीन वर्षांत परतली, ते आपण सगळेच बघतो.

दुसरा भारताचा. ब्रिटन ज्याला भांडवली नफा म्हणतं, त्यातला साठलेल्या नफ्याइतका भाग लिक्विडेशनमध्ये वाटला तर भारताचा कायदा त्याला डिव्हिडंड म्हणतो, आणि तो स्लॅबच्या दराने लागतो. तुम्ही भारतात सामान्य निवासी झाला असाल तर हा धक्का मोठा असतो. मधे एक सवलतीचा काळ असतो : मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून जास्त राहिला नसाल, तर परदेशातल्या अशा उत्पन्नावर भारत कर लावत नाही. पण भारताचं वर्ष १ एप्रिलला आणि इथलं ६ एप्रिलला सुरू होतं, विमानाचं तिकीट काढण्याआधी दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवा.

रक्कम मोठी असेल तर दोन्हीकडच्या सीएंना एकाच ईमेलमध्ये घ्या. वेगवेगळं विचारलं की दोघेही आपापल्या देशापुरतं बरोबर उत्तर देतात.

१६. कंपनी बंद झाली आणि नंतर एचएमआरसीकडून रिफंड आला. आता?

कंपनी संपल्यावर तिच्या नावावर जे काही उरतं ते बोना व्हॅकॅन्शिया म्हणून सरकारजमा होतं. बँकेतले पैसे, रिफंड, येणं, वेबसाइटचं डोमेनसुद्धा. परत मिळवायचं तर सहा वर्षांच्या आत कोर्टातून कंपनी पुन्हा रजिस्टरवर आणावी लागते, आणि चारशे पौंडांच्या रिफंडसाठी तो खर्च कुणी करत नाही. म्हणून सगळे रिफंड हातात पडल्यावरच डीएस०१. अर्ज करून बसला असाल आणि काही येणं आठवलं, तर कंपनी बंद व्हायच्या आत डीएस०२ भरून अर्ज मागे घेता येतो.

१७. कागदपत्रं किती वर्षं ठेवायची?

कंपनी बंद झाल्यावर सात वर्षं : बँकेची स्टेटमेंटं, इनव्हॉइस, पावत्या. अकाउंटंटच्या पोर्टलवर सगळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फी थांबली की लॉगिनही थांबतं, म्हणून शेवटचं बिल भरायच्या आधी सगळं उतरवून घ्या. आणि ज्या वर्षी पैसे घेतले त्या वर्षीच्या तुमच्या स्वतःच्या सेल्फ असेसमेंटमध्ये (वैयक्तिक कराच्या रिटर्नमध्ये) ते दाखवायचे आहेत. कंपनीचा अकाउंटंट ते करेल असं गृहीत धरू नका, बहुधा त्याची फी वेगळी असते.